कथील

आवाज येतो, चित्र नाही.
अर्लीन स्टकीने फोनवर एवढंच सांगितलं,
आणि वर, "मी काहीही दाबलेलं नाहीये."

वाबाश नदीच्या या काठावर
टीव्हीचं दुखणं सांगण्याआधी
लोक स्वतःचा निर्दोषपणा सांगतात.

सॉकेट बदलून पाहिलं.
केबल काढली, फुंकर मारली, परत लावली.
फुंकरीने काही होत नाही, पण माझा बाप मारायचा.
बातम्यांतली नवी बाई अंधारातून बोलत राहिली:
मक्याचे भाव, शाळेचं गळकं छप्पर.
तीन आठवडे अर्लीन असाच टीव्ही ऐकत होती,
स्वयंपाकघरातून, रेडिओसारखा.

मग मी खोलीतला दिवा मालवला
आणि टॉर्च तिरका धरला, काचेला लागून.
होती. बाई तिथेच होती,
पुसट, तळातल्या नाण्यासारखी,
ओठ हलवत.
चित्र मेलेलं नव्हतं.
मागचा उजेड गेला होता.

"तरी नाव पाहून घेतला होता," अर्लीन म्हणाली.
"बाजूचा सत्तर डॉलरनं स्वस्त होता."

हॉलब्रुक. चौकटीखाली, चंदेरी.
गावाच्या पाण्याच्या टाकीवरही तेच आहे,
दोनदा रंग दिला तरी खालून उमटतं.
सत्तावीस वर्षं ती त्या कारखान्यात
सोल्डरिंगच्या बाकावर.
आधी माणसं गेली, मग यंत्रं,
शेवटी नाव विकलं, नुसतं नाव,
घर पाडून
दारावरची पाटी तेवढी विकावी तसं.
कुणी घेतलं, तिला माहीत नाही.
मलाही नाही.

मागचे स्क्रू काढले. तेरा.
चौदावा मुळातच नव्हता.
"शुक्रवारचा असणार," ती म्हणाली.
"शुक्रवारी दुपारी आमचे हात टीव्हीवर
आणि डोकं तळलेल्या माशांवर.
शुक्रवारचा सेट मी बहिणीला घेऊ दिला नसता.
आणि ऐक,"
तिने खुर्ची जवळ ओढली,
"शेवटची दोन वर्षं मी पट्ट्याच्या टोकाला होते.
नावं चिकटवायला.
एकाला हॉलब्रुक, पुढच्याला
कुठल्याशा दुकानाचं स्वस्तातलं नाव.
आत सगळं तेच.
हॉलब्रुकची पेटी संपली
की जेवणानंतरचे सगळे स्वस्त."

मग तरी सत्तर डॉलर?

ती बराच वेळ टॉर्च चालू-बंद करत राहिली.
"दुकानात ते नाव
सरळ चिकटवलेलं होतं," ती म्हणाली.
"सरळ चिकटवायला वेळ लागतो, माहितीये?"

दोन कपॅसिटर, डोकी फुगलेली.
दोन्ही मिळून दीड डॉलर.
त्या बाजूच्या, सत्तर डॉलरनं स्वस्त टीव्हीतही
बहुधा हेच फुगले असते, ह्याच सुमाराला.
मी इस्त्री तापवली, सोल्डरची तार धरली.
वर कुणी सोन्याचं नाव लावो,
आत सगळीकडे कथीलच.
ते कुणी वितळवलं,
आणि थंड होईपर्यंत हात हलवला की नाही,
एवढाच काय तो फरक.

अर्लीनने चष्मा चढवला, पाटावर वाकली.
माझे सांधे पाहिलेच नाहीत.
जुने पाहिले, कोपऱ्यातले, बारीक, ओळीने.
"हा हात चांगला आहे," ती म्हणाली.
कुणाचा?
पाटावर नाव नव्हतं. एक आकडा होता,
आणि आकड्याशेजारी
निळ्या शाईचा अर्धवट ठसा.
"मी एकेचाळीस होते," ती म्हणाली,
आणि तो विषय तिथेच सोडला.

चौदावा स्क्रू माझ्या पेटीतला लावला,
कुठल्यातरी दुसऱ्याच टीव्हीचा.
बसला.

बटण दाबलं. पडदा निळा झाला,
वर नाव आलं, मोठं, चंदेरी,
दहा सेकंद.
त्या दहा सेकंदांत अर्लीन काही बोलली नाही.
मग बाई आली, लख्ख उजेडात,
शेजारच्या काउंटीला वादळाचा इशारा देत.

"अगं बाई," अर्लीन म्हणाली,
"आवाजावरून मला तरुण वाटली होती."